कोल्हापुरात गच्चीवरून बघायला कॉम्प्युटरवाला टेलिस्कोप: कुठला घ्यावा आणि कसा चालवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजारामपुरीत घर, वर मोकळी गच्ची, लेक आठवीत आणि तिला ग्रहताऱ्यांचा नाद लागलाय, बजेट ऐंशी हजारांपर्यंत, घरात कुणालाच आकाशातलं फारसं ओळखता येत नाही म्हणून बटण दाबलं की आपोआप शोधून दाखवणारा टेलिस्कोप घ्यायचाय. मग असा आपोआप शोधणारा, म्हणजे गो-टू घ्यावा, का मोबाईलवर फोटो दाखवणारे नवीन स्मार्ट टेलिस्कोप घ्यावेत, का साधा हाताने फिरवायचा मोठा डॉब्सोनियन? आणि समोरच्या बिल्डिंगवर रात्रभर एलईडी फ्लड चालू असतो, तर पैसे वाया तर जाणार नाहीत ना?

दादा, पैसे वाया जाणार नाहीत, गो-टूच घ्या. मी बरीच वर्षं कोल्हापुरातूनच बघतोय, शाळेच्या मैदानात आणि गच्च्यांवर लोकांना दाखवतोय, त्या अनुभवावरून सांगतो. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कॉम्प्युटर वस्तू शोधून देतो, ती दिसते मात्र आरशामुळे किंवा भिंगामुळे. त्यामुळे त्याच किमतीत ७० मिमी व्यासाच्या भिंगाचा छोटा टेलिस्कोप आणि त्यावर हजारो वस्तूंची यादी असलेला हँडसेट (रिमोटसारखा) असं काही कुणी पुढे ठेवलं तर घेऊ नका. यादीतल्या बहुतेक वस्तू त्या ७० मिमीतून शहरात दिसणारच नाहीत. १५० मिमीचा आरसा ७० मिमीच्या साडेचार पट प्रकाश गोळा करतो, हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

आता जाणकार मंडळी सांगतात की नवख्याने आधी हाताने फिरवायचा डॉब्सोनियन घ्यावा, नकाशा बघत एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात जात शोधायला शिकावं. सल्ला चुकीचा नाही, पण तो अंधाऱ्या आकाशासाठी आहे. असं उड्या मारत जायचं तर मधले मंद तारे दिसायला पाहिजेत, आणि राजारामपुरीतून, शाहूपुरीतून किंवा ताराबाई पार्कातून बघितलं तर ठळक तारे सोडले की मधे नुसतं करडं आभाळ असतं. शर्मिष्ठा तारकासमूहावरून देवयानीच्या दीर्घिकेकडे जाणारी वाट पुस्तकात लई सोपी दिसते, गच्चीवर त्या वाटेतले दोन तारे गायब असतात. पोरगी तासभर शोधते, सापडत नाही, आणि चार वेळा असं झालं की टेलिस्कोप माळ्यावर जातो. म्हणून शहरातून बघणाऱ्याला गो-टूची गरज उलट जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण ट्रॅकिंग, म्हणजे मोटरने वस्तूच्या मागे मागे फिरत राहणं, आणि घरात चार माणसं बघणार असतील तर हे पहिल्यापेक्षा मोठं आहे. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं, म्हणजे १५० पट मोठं करून शनी बघत असाल तर तो साधारण सव्वा मिनिटात या कडेपासून त्या कडेला जाऊन नजरेआड होतो. लेकीनं बघितलं, आजीला हाक मारली, आजी चष्मा काढून खुर्चीवर बसेपर्यंत शनी गेलेला असतो. मोटर असली की तो मधोमध राहतो, आजी निवांत दोन मिनिटं बघतात, आणि ग्रह बघायला दोन मिनिटं लागतातच, कारण हवा हलत असते आणि मधेच एखाद्या क्षणाला चित्र एकदम स्वच्छ होतं, खरे तपशील त्या क्षणी दिसतात.

मग कुठला? तुमच्या बजेटच्या आसपास तीन प्रकार आहेत. एक, सेलेस्ट्रॉनचा नेक्सस्टार १३० एसएलटी, १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ (आरशापासून चित्र जिथं जमतं तिथपर्यंतचं अंतर), ट्रायपॉड आणि हँडसेट. चांगला आहे पण ट्रायपॉड जरा लेचापेचा, पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून वापरला तर बरा चालतो. दोन, स्काय-वॉचरचा व्हर्चुओसो जीटीआय १५० पी, १५० मिमी आरसा, ७५० मिमी फोकल लेंथ, टेबलावर ठेवायचा, मोबाईलवरून चालणारा. तीन, सेलेस्ट्रॉनचे स्टारसेन्स एक्सप्लोरर, यात मोटर नसते, मोबाईल वर बसवायचा, तो कॅमेऱ्यातून तारे बघून आपण नेमके कुठे आहोत ते ओळखतो आणि बाण दाखवतो, तुम्ही हाताने ढकलत जायचं. तिसऱ्याला बॅटरीची, अलाइनमेंटची (सुरुवातीला ओळखीचे तारे देऊन टेलिस्कोपला आकाश ओळखवायची) कटकट नाही आणि शहरातही तो चांगला ओळखतो, पण ट्रॅकिंग नाही.

तुमच्या घराला मी दुसरा सुचवीन. आरसा मोठा हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या माउंटमध्ये (नळी पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या बैठकीत) वेगळे एन्कोडर, म्हणजे नळी किती फिरली ते मोजणारे सेन्सर आहेत, त्यामुळे कुणी हाताने ढकलला तरी तो कुठे बघतोय हे विसरत नाही. लहान पोरं जिथं आहेत तिथं धक्का लागणारच, आणि बऱ्याच गो-टू माउंटमध्ये एक धक्का लागला की सगळी अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. कमी बाजू दोन. एक म्हणजे त्याला भक्कम टेबल किंवा स्टूल लागतं, प्लॅस्टिकचं टेबल अजिबात नको, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून तीन पायांचं लोखंडी स्टूल करून घ्या, उद्यमनगरात कुणीही करून देईल. तीन पाय सांगायचं कारण की चार पायांचं गच्चीच्या उतारावर डुगडुगतं. दुसरं म्हणजे त्याची नळी पुढच्या बाजूला उघडी असते, त्यामुळे समोरच्या फ्लडचा उजेड थेट आत जातो. काळा जाड कागद किंवा काळं कापड गुंडाळून बाही केली की काम झालं, चित्रातला कॉन्ट्रास्ट लगेच सुधारतो.

बजेट बरंच वाढवता आलं तर नेक्सस्टार ६ एसई, १५० मिमी, १५०० मिमी फोकल लेंथ, ग्रहांना आणि चंद्राला फार छान आणि नळी आखूड. पण त्याच मालिकेतला लहान ४ एसई, १०२ मिमीचा, मला त्या किमतीला पटत नाही, चित्र सुरेख असतं पण आरसा लहान.

स्मार्ट टेलिस्कोपचं सांगतो. सीस्टार एस५० सारखं यंत्र म्हणजे ५० मिमीचं भिंग, २५० मिमी फोकल लेंथ, आत कॅमेरा, आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंगच नाही. दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक चढवत जातो आणि मृगातला तेजोमेघ राजारामपुरीच्या गच्चीवरूनसुद्धा रंगीत दाखवतो, कारण आत फिल्टर आहे जो दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो. असे रंग डोळ्याने कुठल्याच टेलिस्कोपमधून शहरात दिसणार नाहीत. पण गुरू त्यात जेमतेम वीस पिक्सेलचा ठिपका असतो, शनीची कडी नीट दिसत नाही. लेकीला फोटोंची आवड असेल तर तो घ्या, मनापासून सांगतो, भारी यंत्र आहे. पण स्वतः डोळा लावून शनी बघणं ही वेगळीच गोष्ट आहे, आठवीतल्या पोरीला आधी ते मिळावं असं मला वाटतं. निर्णय तिला विचारून घ्या.

इक्वेटोरियल माउंट मात्र आत्ता नको. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे लावावा लागतो आणि कोल्हापूर १६.७ अक्षांशावर असल्यामुळे ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेसोळा-सतरा अंश वर असतो, म्हणजे शेजारच्या टाकीमागे किंवा धुरकटात. लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे झाले तर पुढे बघू.

आता वापरायचं. लोक कंपनीला नावं ठेवतात ते निम्म्या वेळा वीज कमी पडल्यामुळे असतं. बऱ्याच माउंटमध्ये आठ पेन्सिल सेल बसतात, ते पटकन उतरतात आणि व्होल्टेज पडलं की माउंट बंद न पडता भलतीकडेच फिरायला लागतो, माणसाला वाटतं कॉम्प्युटर बिघडला. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची यूपीएसमधली बॅटरी घ्या, त्याला योग्य पिन लावून घ्या (मधलं टोक प्लस, हे मीटरने तपासूनच जोडा), रात्र आरामात निघते. राउटरला लावतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस २ अँपिअर देत असेल तर लहान माउंटला तोही चालतो. घरातून एक्स्टेंशन ओढू नका, अंधारात पाय अडकतो.

मोबाईलवरून चालणारा असेल तर टेलिस्कोप स्वतःचं वायफाय देतो, त्याला जोडल्यावर फोन म्हणतो इंटरनेट नाही आणि गुपचूप मोबाईल डेटावर परत जातो, मग ॲप म्हणतं कनेक्शन तुटलं. मोबाईल डेटा बंद करा, लोकेशन चालू ठेवा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या. इतकंच.

हँडसेटवाला, खास करून सेकंडहँड घेतला तर तीन जागी हमखास घोळ होतो. तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, म्हणजे ५ मार्च हा ०३/०५ असा टाकायचा. डेलाइट सेव्हिंग विचारलं तर स्टँडर्ड निवडा. आणि टाइम झोन, आपला साडेपाच तासांचा, काही हँडसेट पूर्ण तासच घेतात. अर्ध्या तासाच्या चुकीने आकाश साडेसात अंश सरकलेलं असतं, म्हणजे पूर्ण चंद्राएवढ्या पंधरा चकत्या बाजूला! तसं असेल तर झोन शून्य ठेवा आणि वेळ साडेपाच तास मागची टाका, रात्री आठ वाजता १४:३०. पहाटे साडेपाचच्या आधी बघत असाल तर तारीखही आदल्या दिवशीची. अक्षांश १६ अंश ४२ कला उत्तर, रेखांश ७४ अंश १४ कला पूर्व, अख्ख्या कोल्हापूर शहराला हेच चालतं.

दिवसा उजेडी एकदा फाइंडर (नळीवरचा नेम धरायचा छोटा दर्शक) जुळवून ठेवा. लांबचा मोबाईल टॉवर किंवा पाण्याची टाकी आयपीसच्या मधोमध आणा, मग फाइंडरचा लाल ठिपका स्क्रू फिरवून त्यावर आणा. हे करताना सूर्याच्या बाजूला नळी जाताच कामा नये, दिवसा गो-टूने फिरवायचं तर नाहीच, कारण तो जवळच्या वाटेने जाताना सूर्यावरून जाऊ शकतो आणि एका क्षणात डोळा जातो. नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास सोलर फिल्टर असल्याशिवाय सूर्य नाही, आणि पोरगी दिवसा एकटी टेलिस्कोपजवळ नको. याला अपवाद नाही.

रात्री स्टूल लेव्हलमध्ये घ्या, नळी उत्तरेला आणि आडवी करून सुरुवात करा. फोनचं होकायंत्र चालतं पण स्लॅबच्या सळ्यांजवळ आणि टाकीच्या स्टँडजवळ ते फसवतं, कमरेच्या उंचीला धरून दोन-तीन जागी बघा. मग दोन तारे द्यायचे असतात. एकमेकांपासून निदान साठ अंश लांब, फार खाली नाहीत आणि अगदी डोक्यावरही नाहीत, डोक्यावर अशा माउंटला नीट मागोवा घेता येत नाही. जानेवारीच्या शेवटी रात्री साडेआठला उत्तरेला ब्रह्महृदय आणि आग्नेयेला व्याध, ॲपमध्ये कॅपेला आणि सिरियस. मे महिन्यात आठ वाजता पश्चिमेला पुनर्वसूतला पोलक्स आणि पूर्वेकडे चित्रा, म्हणजे स्पायका. नोव्हेंबरात पश्चिमेला श्रवण, यादीत अल्टेअर, आणि दक्षिणेला एकटाच चमकणारा फोमलहॉट. चार ऋतूंचे मिळून दहा-बारा तारे ओळखता आले की बास, आणि लेक ते महिन्याभरात शिकेल बघा. इतकं तरी शिकावंच लागतं, व्याधाऐवजी गुरूवर नळी लावून ओके दाबलं तर पुढचं सगळं चुकणारच.

तारा मधोमध आणायची एक युक्ती. फोकस थोडा बिघडवा, ताऱ्याचं चकलीएवढं गोल होतं, ते गोल वर्तुळात मधोमध आणणं ठिपक्यापेक्षा सोपं जातं. सेलेस्ट्रॉनच्या माउंटला शेवटची हालचाल वरच्या आणि उजव्या बाणाने करा, म्हणजे गियरमधला सैलपणा एकाच बाजूला राहतो. आणि वस्तू शोधताना कायम २५ मिमीचा आयपीस, १५० पी वर तो ३० पट मोठं करतो आणि दृश्य बरंच रुंद असतं, सापडलं की मग १० मिमी लावून ७५ पट. पहिल्या दिवशी याच्या पलीकडे जाऊ नका. डब्यावर ३०० पट वगैरे लिहिलेलं असलं तरी आपल्या गच्चीवर बहुतेक रात्री दीडशेच्या वर चित्र नुसतं उकळत असतं. कोबा आणि पत्रे दिवसभर तापलेले असतात, त्यावरून बघितलं की हवा हलते. टेलिस्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा, पत्र्यावरून न बघता मोकळ्या बाजूने बघा, आणि वस्तू उंच चढल्यावर बघा. आयपीसला डोळा लावलेला असताना बाकीच्यांनी गच्चीवर फिरायचं नाही, स्लॅब हलतो.

काय दिसेल? चंद्र, आणि तो पौर्णिमेला नाही, शुद्ध सप्तमी-अष्टमीला, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठरवा, उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या पडतात तेव्हा. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, रोज जागा बदललेले, लेकीला वहीत काढायला सांगा. शनीची कडी २०२५ मध्ये काठावरून दिसत होती, आता वर्षागणिक उघडत जातील. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, हंसातला अल्बिरिओ हा सोनेरी-निळा जोडतारा. देवयानी मात्र शहरातून धुरकट डाग दिसते, एवढंच, ते आधीच सांगून ठेवा.

त्यासाठी महिन्यातून एकदा अमावास्येच्या आसपास बाहेर पडा. पन्हाळा जवळ पडतो पण तिथून आपल्या शहराचा उजेड आग्नेयेला राहतो आणि गडावर दिवेही आहेत. मला गगनबावडा किंवा राधानगरीची बाजू जास्त आवडते, कोल्हापूर पूर्वेला किंवा ईशान्येला राहतं आणि दक्षिणेचं आभाळ काळं मिळतं. दक्षिणेचं महत्त्व यासाठी की आपल्या अक्षांशावरून ओमेगा सेंटॉरी हा अवाढव्य तारकागुच्छ मेच्या सुरुवातीला रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला २६ अंश वर येतो, लंडनमधून तो कधीच उगवत नाही. १५० मिमीतून हजारो तारे सांडल्यासारखा दिसतो. दाजीपूर अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती काढूनच जा.

हंगामाचं म्हणाल तर पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात आभाळ सगळ्यात स्वच्छ, दिवाळीत फटाक्यांचा धूर, आणि कारखाने-गुऱ्हाळं सुरू झाली, शेतात पाचट पेटायला लागलं की खालचं पंधरा-वीस अंश आभाळ धुरकट होतं. हिवाळ्यात पंचगंगेकडच्या भागात दव फार, नळीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची गुंडाळी लावा, फूटभर पुढे आलेली. आरसा किंवा भिंग ओलं झालं तर पुसायचं नाही, घरात झाकण उघडं ठेवून वाळू द्या, मग बंद करा.

जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू, कारण आपल्याकडच्या ओलीत आरशावर आणि आयपीसवर बुरशी धरते आणि ती एकदा कोटिंगमध्ये गेली की निघत नाही. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. नळी झाकणं लावून कोरड्या खोलीत, कपाटाच्या तळाला नाही, आणि पंधरवड्यातून एकदा कोरडा दिवस बघून उघडून ठेवा. बॅटरी पावसाळ्यातही महिन्याला चार्ज करा, मोटर थोडी फिरवा.

म्हणूनच खरेदी सप्टेंबरच्या शेवटी करा, मेमध्ये घेतलात तर वळीव आणि मग चार महिने डबाच बघायचा. भारतातल्या विक्रेत्याकडून पक्कं बिल आणि वॉरंटी घेऊन घ्या, मोटर-बोर्डाचं काम निघालं की त्याचीच गरज पडते. आल्या आल्या, बदलून द्यायची मुदत आहे तोवर, तीन गोष्टी तपासा. दोन्ही मोटर सगळ्या वेगांना अडखळल्याशिवाय फिरतात का. ठळक तारा फोकसच्या बाहेर नेला की गोलातली काळी सावली मधोमध आहे का, एका बाजूला सरकलेली असेल तर आरसे जुळवून घ्यायचे, तो दोष नाही, वाटेतल्या हादऱ्यांनी होतं. आणि अलाइनमेंट झाल्यावर गुरू किंवा एखादा तारा १० मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध ठेवून अर्धा तास हात न लावता सोडा, परत बघाल तेव्हा तो आयपीसमध्येच असला पाहिजे. नसेल तर आधी बॅटरी, मग वेळ-तारीख, मग स्टूलची लेव्हल बघा, आणि तिन्ही बरोबर असूनही तो निसटत असेल तर सरळ परत करा.